शिडीवरून पडला, असं मी लिहिलं

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी न विचारताही सांगते आणि सांगताना लाजत नाही. माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, आणि दादानं नववीत शाळा सोडून रंगाचा ब्रश हातात धरला, म्हणून मी बीए झाले. मग घरातला, गल्लीतला, सोयऱ्यांतला जो कागद असेल तो माझ्याकडे यायला लागला. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, गॅसची केवायसी. दादा म्हणायचा, "बीएले द्या, ते बरोबर भरते." माझं नावच त्यानं बीए करून टाकलं. रस्त्यानं हाक मारायचा तरी, "ओ बीए!" लोक वळून बघायचे. मला आतून बरं वाटायचं.

आता वर्ध्यात एका ऑनलाइन सेंटरमध्ये मी हेच काम करते. एक काउंटर, दोन कॉम्प्युटर, आणि दुपारी तापला की कागद चावणारा एक प्रिंटर. सगळ्यात जास्त अर्ज लायसन्सचे. त्या अर्जात एक भाग असा आहे की माणसानं आपल्या प्रकृतीबद्दल स्वतःच लिहून द्यायचं. तुम्हाला फिट येते का, कोणत्याही कारणानं अचानक शुद्ध हरपते का, भोवळ येते का. नजरेचं, हातापायाचं असे आणखी काही प्रश्न. मी ते कधी कुणाला वाचून दाखवले नाहीत. समोरचा माणूस फोनवर ओटीपी शोधत असतो, मागं चौघं उभे असतात. माझं बोट आपोआप 'नाही'वर जातं. नाही, नाही, नाही, पुढे. खाली माणसाची सही. किती जणांच्या फिटा मी अशा बोटानं बऱ्या केल्या असतील, कोण जाणे.

मागच्या उन्हाळ्यात दादा त्याच काउंटरपाशी येऊन बसला. त्याच्या लायसन्सची मुदत संपली होती. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, जुनं लायसन्स, दोन फोटो. त्याला परत गाडी चालवायची होती. त्या एका प्रश्नापाशी माझं बोट थांबलं. का थांबलं, ते सांगायचं तर तीन वर्षं मागं जावं लागेल.

भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला पोरी मातीची भुलाबाई बसवतात, महिनाभर संध्याकाळी गाणी म्हणतात, आणि डब्यात काय खिरापत आहे ते ओळखायला लावतात. दादाच्या पोरीला त्या साली पहिल्यांदाच स्वतःची भुलाबाई हवी होती, शेजारच्या पोरींची नको. म्हणून दादा दुपारी मला घ्यायला सेंटरवर आला आणि आम्ही बाजारातून मूर्ती घेतली. भुलाबाई, बाजूला भुलोजी, मांडीवर इवलासा गणपती. मूर्तीवाली म्हणाली, "सांभाळून न्या बाप्पा. बसवाच्या अगोदर फुटली तं चांगलं नाई रायत." कॉलेज शिकलेली मी, पण हे मी पक्कं डोक्यात धरलं.

गाडी दादाची नव्हती, त्याच्या जोडीदाराची होती. हा जोडीदार म्हणजे दादासोबत बारा-तेरा वर्षं रंगकाम करणारा माणूस. दोघांत एकच शिडी. एक वर चढायचा, दुसरा खाली शिडी धरायचा. दादाची गाडी गॅरेजला होती, म्हणून यानं आपली दिली. तिचा इन्शुरन्स संपलेला होता आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आमच्या बोरगाव मेघेकडे येताना चौकात पोलीस उभे राहतात. त्यामुळे आमच्या भागातली अर्धी माणसं चौकापुरतं हेल्मेट घालतात. चौकाच्या अलीकडे कोपरातून काढून डोक्यावर, चौक गेला की डोक्यावरून कोपरात. दादाही त्यातलाच. पण त्या दिवशी ऊन होतं की काय, चौक गेल्यावरही त्यानं हेल्मेट काढलं नाही. मी मागं बसले होते, मांडीवर कागदात गुंडाळलेली भुलाबाई. रस्त्यात गचके बसत होते.

मी म्हटलं, "दादा, थांब जरा. हेल्मेट दे इकडं. याच्यात बसवते भुलाबाईले, नाई तं फुटून जाईन."

"पाह्य बाप्पा," दादा म्हणाला. "एकडाव घालून राह्यलो तं तूच काढाले लावते. बीए झाली न तू? कायदा कोण पाहीन?"

"कायदा मांगं राह्यला, चौकात. घर आलंच आता."

तो हसला. गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. मी त्यात ओढणी अंथरली, मूर्ती ठेवली आणि पोटाशी धरून बसले. माझं वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं, कारण त्या वेळी ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

पुढं नळाच्या पाइपसाठी रस्ता आडवा खोदला होता. वर मुरूम टाकून बुजवलेला, आणि पावसानं मुरूम खाली बसलेला. ना फलक, ना पट्टा. पुढचं चाक त्यात गेलं. गाडी जोरात नव्हती. मी बाजूच्या मातीत पडले, कोपर सोलला. दादा डांबरावर पडला, डाव्या कानाच्या वरच्या बाजूवर.

आणि तो उठला. स्वतः उठला, पँट झटकली. पहिलं काय बोलला, तर, "भुलाबाई पाह्य अगोदर."

मी पाहिलं. भुलाबाईच्या नाकालाही धक्का नव्हता.

दोन गाड्या थांबल्या. एक जण म्हणाला, "रक्त नाई निघालं न? मंग काई नाई." दुसरा त्याला म्हणाला, "चाल न बे, पोलिसाची भानगड होईन." मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत असा नियम आहे, त्याचा कागद आमच्या सेंटरच्या भिंतीवर मीच चिकटवला आहे. एका काकडीवाल्या बाईनं पाणी दिलं. दादा पाणी प्याला, गाडी उभी केली, किक मारली आणि मला घेऊन घरापर्यंत गाडी चालवत आला. हेल्मेट तेव्हाही माझ्या मांडीवर होतं. ते परत त्याच्या डोक्यावर द्यावं, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

घरी चहा झाला. पोरीनं मूर्ती आरशापुढं धरून बघितली. अर्ध्या तासानं दादा म्हणाला, "डोकं लय दुखून राह्यलं," आणि ओकला. मग त्याच्या उजव्या हातातून कप सुटला. तो कपाकडे बघत राहिला, जणू कप दुसऱ्या कुणाचा आहे. ऑटोत घालून आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोहोचेपर्यंत तो हाकेला ओ देईना.

खिडकीवरच्या माणसानं कागद पुढं केला. "कसं लागलं ते लिहा." लिहायचं म्हटल्यावर घरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, आणि मग डॉक्टरलाही तेच सांगितलं: घराला रंग देताना शिडीवरून पडला.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की जोडीदाराच्या गाडीचा इन्शुरन्स नव्हता, गरीब माणूस केसमध्ये अडकला असता, म्हणून मी तसं केलं. जोडीदारानं माझ्यापुढं हात जोडले. "ताई, तुम्ही होत्या म्हणून वाचलो." मी म्हटलं, "शिकल्याचा एवढा तं उपयोग पाहिजे." पण ते कारण नव्हतं. कारण एवढंच होतं की गाडीवरून पडला असं लिहिलं, तर पुढचा प्रश्न 'हेल्मेट होतं का?' हा आला असता, आणि त्याचं उत्तर घरी आरशापुढं बसलं होतं.

दादाच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. कवटीचा एक तुकडा काढून काही महिने त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला, मग परत बसवला. त्या साली भुलाबाई बसली नाही. वैनीनं मूर्ती कागदात गुंडाळून फळीवर टाकली. न बसवलेल्या भुलाबाईचं विसर्जन कसं करायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. ती अजून तिथंच आहे.

दादा घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता, लोक म्हणायचे, वाचला बापा. वाचला ते खरं. पण त्याला वास येईनासा झाला. रंगाचा नाही, टर्पेंटाइनचा नाही, करपलेल्या वरणाचाही नाही. राग असा यायचा की पोरगी दाराआड उभी राहायची. सकाळचं संध्याकाळी आठवायचं नाही. एकच गोष्ट तीनदा विचारायचा. आणि तो दिवस तर त्याच्या डोक्यातून पुसूनच गेला होता.

"मी कसा पडलो व?"

"शिडीवरून," वैनी म्हणायची. कागदावर होतं तेच घरात बोललं जायचं. गल्लीतही तेच. खोटं लिहिलेलं होतं आणि माझ्या अक्षरात होतं, म्हणून ते खरं झालं.

पण तेरा वर्षं शिडीवर काम केलेला माणूस. त्याचा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"शिडी कोनं धरली होती?"

मग त्यानं उत्तर स्वतःच काढलं, कारण त्याच्या आयुष्यात शिडी धरणारा माणूस एकच होता.

जोडीदार एकदा केळी घेऊन भेटायला आला. दादा खाटेवर बसला होता. त्याला पाहिल्याबरोबर म्हणाला, "शिडी सोडून कुठं गेलता रे? खर्रा खाले गेलता न?"

जोडीदार माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या हातात केळीची फणी तशीच. मी मोबाइल काढला आणि कुणाचा तरी मेसेज असल्यासारखी त्यात बघत राहिले.

"सांग न," दादा ओरडला. "माह्यं डोकं फोडलं तू. खर्र्यापायी?"

"चुकलं भाऊ," जोडीदार म्हणाला. केळी ओट्यावर ठेवली आणि गेला. परत आला नाही. गल्लीत बोललं गेलं की हा माणूस वरच्याला टांगून तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला जातो. कुणी त्याच्यासोबत उंच भिंतीवर चढायला तयार होईना. तो सिंदी रेल्वे गावाकडं कुठं तरी फरशी पुसायच्या कामाला लागला, असं ऐकलं. मी ऐकलं आणि सेंटरवर जाऊन अर्ज भरले.

फिटा आठ महिन्यांनी सुरू झाल्या. पहिली आली तेव्हा दादा अंघोळीच्या दगडावर होता. गोळ्या चालू आहेत, कमी झाल्या आहेत, पण येतात. दादाला त्या माहीत नव्हत्या. उठायचा आणि म्हणायचा, "झोप लागली होती काय?" वैनी म्हणायची, "हो, निजले होते." एका खोट्यानं घर चालतंय असं दिसल्यावर दुसरं कठीण जात नाही.

म्हणून लायसन्सची पिशवी घेऊन तो काउंटरपाशी बसला, तेव्हा त्याच्या बाजूनं सगळं चोख होतं. तो शिडीवरून पडला होता. गाडीनं त्याचं काहीच बिघडवलं नव्हतं.

वैनीचा फोन आधीच येऊन गेला होता. "ताई, ते आले काय तिकडं? काईबी सांगा, पण गाडी हातात नका येऊ देऊ. पोरीले शाळेत सोडीन म्हणून राह्यले."

"सर्व्हर डाऊन आहे म्हणते," मी म्हटलं होतं.

"तसं किती दिवस?"

दादा स्टूलवर पुढं सरकला. दुपार होती, गर्दी नव्हती. "बीए, भर न पटपट. तुही वैनी नको म्हणते. शिडीवरून पडलेल्या माणसाले गाडी काऊन नाई? समजावून सांग मले. हे तं असं झालं, का विहिरीत पडला म्हणून बसमध्ये बसू नको."

यावर मला हसू आलं असतं, पण तो बरोबर बोलत होता. माझ्याच कागदावरून तो बरोबर बोलत होता.

स्क्रीनवर तो प्रश्न होता. माझं बोट 'नाही'वर होतं. दाबलं असतं तर अर्ज पुढं गेला असता. दाबणाऱ्या बोटाला कुणी विचारत नाही, सही त्याची असते. मी आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न समोरच्या माणसाला वाचून दाखवला. सावकाश, मराठीत.

"फिट?" दादा म्हणाला. "मले येते काय फिट?"

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"मले कसं दिसीन? तूच सांग न. तू पाहते."

"येते, दादा."

"निजतो ते?"

"निजत नाई तू."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ऑपरेशनच्या जागी डोक्याला पडलेल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. "शिडीवरून पडल्यानं?"

तिथं मी हो म्हणू शकले असते. फिटचं खरं सांगितलं होतं, लायसन्स तेवढ्यानंच थांबलं असतं. पण मला त्याच्या हातातली पिशवी दिसत होती आणि का कोण जाणे, केळीची फणी दिसली. मी सांगितलं. गाडी कुणाची होती, भुलाबाई, चौक, हेल्मेट कुणी मागितलं, आणि कागदावर कुणी काय लिहिलं. कायदा मांगं राह्यला म्हटलं होतं, तेही सांगितलं. आवाज साधा ठेवला, अर्ज वाचते तसा.

दादानं विचारलं, "भुलाबाई फुटली काय?"

"नाई."

"कुठंच नाई?"

"कुठंच नाई."

"बरं झालं," तो म्हणाला. पोरीचं डोक्यात आलं असेल. मग त्याचं कपाळ आवळलं. "अन् मंग त्याले मी काऊन शिव्या देल्या?"

"माह्यापायी."

तो मला काही तरी फेकून मारेल असं वाटलं. स्टेपलर त्याच्या हातापाशी होता. त्यानं फेकला नाही. मी स्क्रीनकडे वळून 'होय' दाबलं. लगेच डॉक्टरचं प्रमाणपत्र मागणारी ओळ आली. अर्ज तिथं थांबला. दादाला ते दिसलंही नाही. तो उठून उभा राहिला होता. "चाल त्याच्याकडं."

जोडीदाराच्या घरी गेलो. तो नुकताच कामावरून आला होता, पाय धूत होता. दादा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "माह्यं चुकलं रे. शिडी नव्हतीच." जोडीदार ओल्या पायानं तसाच पुढं आला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. त्याच्या बायकोनं पाहिलं, आणि ती जे म्हणाली ते मी इथं लिहीत नाही. तिचा हक्क होता.

गोष्ट इथं संपली असती तर मला हलकं वाटलं असतं. तीन दिवसांनी, रविवारी, जोडीदार आपण होऊन आमच्या घरी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. दादा ओट्यावर बसला होता, वैनीनं चहा टाकला होता. दादानं त्याला खालून वर पाहिलं.

"शिडी सोडून कुठं गेलता रे? खर्रा खाले गेलता न?"

तीन दिवसही राहिलं नव्हतं. सकाळचं संध्याकाळी ज्याच्याजवळ राहत नाही त्याच्याजवळ माझं खरं राहील, असं मी कसं धरलं होतं, मलाच कळत नाही. वैनी आतून हळूच म्हणाली, "ताई, जाऊ द्या. शिडीचंच राहू द्या. रोज रोज कायले रडवता त्यायले? सांगून सांगून तं विसरतेच."

तिचंही बरोबर होतं. शिडीच्या गोष्टीत दादा शांत असतो, दोष द्यायला कुणी तरी असतं. पण त्याच गोष्टीनं तो उद्या परत पिशवी घेऊन काउंटरवर येणार होता. आणि तो माणूस समोर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि आता मात्र माझ्याकडेच पाहत होता. मोबाइल माझ्या हातात होता.

मी तो ओट्यावर पालथा ठेवला.

"तो कुठंच नाई गेलता, दादा. शिडी नव्हतीच."

"मंग?"

मी दादाच्या बाजूला बसले. जोडीदारही बसला, थोडं अंतर ठेवून. मी बाजारापासून सुरुवात केली. हेल्मेटपाशी आल्यावर दादा हसला, तेव्हा हसला होता तसाच, आणि मला पुढचं सांगावं लागलं. शेवटी त्यानं विचारलं, भुलाबाई फुटली काय. मी नाई म्हटलं. बरं झालं, तो म्हणाला, आणि त्याचं कपाळ आवळलं.

तेव्हापासून जोडीदार दर रविवारी येतो. दर रविवारी त्याला तो प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर द्यायला मी तिथं असते.